वरच्या वाडीच्या वर

कर्जतच्या बाजारपेठेत चाचांच्या दुकानात डोळे तपासायला गेलं, की अक्षरांचा तक्ता वाचून तुमची सुटका होत नसे. भिंगं बदलून झाली, नंबर ठरला, की चाचा टेबलावरचा संगणकाचा पडदा तुमच्याकडे वळवत. त्यावर आभाळातून काढलेला एक फोटो असे. डोंगराच्या सुरकुत्या, नदीचा वाक, मधे काही चौकोनी ठिपके.

"आता सांगा, हे काय हाय?"

गिऱ्हाईक बिचारं चष्म्यासाठी आलेलं. "मला काय म्हाईत, चाचा?"

"म्हाईत कोन इचारतंय? दिसतं काय ते सांगा."

तुमच्या आईचा, म्हणजे माझ्या लेकीचा, पहिला चष्मा याच दुकानातला. ती चौथीत होती. तेव्हा संगणक नव्हता, म्हणून चाचांनी तिला दुकानाच्या पायरीवर उभं केलं, माथेरानच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "झोपलेले आजोबा." चाचा इतके खूश झाले की चष्म्याबरोबर तिला लाल डबी मिळाली. ती डबी अजून माझ्या कपाटात आहे. सुट्टीत याल तेव्हा दाखवीन.

वय काहीही असो, सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. मी त्यांच्याहून थोडी मोठीच, तरी मीही चाचा म्हणे, आणि ते मला बाई म्हणत, कारण मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. पांढरी पँट, बाहेर काढलेला सदरा, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर, असा त्यांचा कायमचा वेश. नाकावरच्या चष्म्याला नंबर नव्हता. त्यांची नजर घारीसारखी होती. "मग घालता कशाला?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हलवायानं स्वतःची जिलेबी नाय खाल्ली तर गिऱ्हाईक खाईल का?"

तक्ता वाचताना माणसं लबाडी करतात, हे त्यांच्यामुळे मला कळलं. खालची ओळ दिसत नसली तरी ठोकून देतात. चाचांना अशांची चीड. जो सरळ "दिसत नाही" म्हणेल त्याच्यासाठी ते चहा सांगत. आणि अक्षर आधी सांगणं हे त्यांच्या लेखी मोठं पाप. कोणी आई शेजारून लेकराच्या कानात कुजबुजायला लागली, की तिला बाहेरच्या बाकावर बसवत. मलाही बसवलं होतं. "बाई, डोळे पोरीचे तपासायचेत, तुमचे नाय."

आता त्या फोटोंबद्दल. पूर्वेकडे दूर एक देश आहे, जो बाहेरच्या माणसाला सहजासहजी आत घेत नाही आणि आतल्याला बाहेर सोडत नाही. आपल्याकडे एसटीच्या थांब्यावरही गावाचं नाव लिहिलेलं असतं; त्या देशातली शेकडो गावं बाहेरच्यांच्या नकाशांवर नुसती बिननावाचे ठिपके. तो देश चाचा नकाशावर उतरवत होते. कोणी सांगितलं नव्हतं, त्यातून काही मिळणार नव्हतं. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण चाचांनी ते कधी घेतलं नाही. ते "पलीकडं" म्हणत. यामुळे गोंधळ होई. शेजारचा टेंपोवाला एकदा घाईत दुकानात डोकावला.

"चाचा, पलीकडं पाऊस हाय का वं?"

"पाऊस नाय. बर्फ हाय. गुडघाभर."

तो नदीपलीकडच्या दहिवलीला विटा टाकायला निघाला होता. "चाचा, येडं करता काय गरिबाला!" म्हणाला आणि निघून गेला.

हे वेड कुठून आलं, याची त्यांनी मला वेगवेगळी कारणं सांगितली, त्यामुळे मी कुठलंच खरं धरत नाही. एकदा मात्र म्हणाले, "मानूस दाराला कुलूप लावतो, बाई. आभाळाला कुठं लावनार?" हे बोलताना त्यांचा चेहरा शेजाऱ्याच्या आंब्यावर चढलेल्या मुलासारखा होता.

चाचींचं मत वेगळं. शुक्रवारी दुकान बंद असे, तेव्हा मी कधी घरी गेले तर त्या सांदणं पुढे ठेवत आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "न्हाणीतला नळ वरीसभर गळतोय तो यांना दिसत नाय, बाई. तिकडच्या डोंगरातला ओढा बरा दिसतो!"

"ओढ्याला आवाज नसतो ना," चाचा आतून म्हणत.

काम मात्र ते फार शिस्तीने करत. आभाळातले फोटो आता कोणालाही फुकट बघता येतात. त्या देशाच्या टीव्हीवर रोज बातम्या लागतात, त्याही कोणालाही बघता येतात. बातमीत एखाद्या कारखान्याचं उद्घाटन दाखवलं, की चाचा हार घालणाऱ्याकडे बघत नसत. त्याच्या खांद्यामागून डोकावणारी डोंगराची रेघ ते ट्रेसिंग कागदावर उतरवत आणि मग आठवडेच्या आठवडे तशी रेघ कुठे जुळते ते शोधत. चिमणीच्या सावलीवरून चिमणीची उंची काढत. थंडीतल्या फोटोत ज्या छपरावरचा बर्फ वितळलेला, तिथे चूल पेटते, म्हणजे माणूस आहे, असं धरत. "कागदावर काय बी लिव्हतील. चूल खोटं नाय बोलत."

आणि त्यांची गिऱ्हाइकं. दर चष्म्यामागे एक साक्षीदार, असा हिशेब. कधी त्याचा उपयोग होई, कधी फजिती. ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेत नोकरी केलेला एक गृहस्थ आला होता. घाट उतरताना गाडी सुटली, तर तिला चढावर वळवून थोपवायला रुळांचा एक आंधळा फाटा ठेवलेला असतो. त्या माणसाने फोटोतली डोंगरावर जाऊन संपणारी सरळ पट्टी बघितली आणि मांडीवर थाप मारली. "हा आपला थोपवायचा फाटा! डोळे मिटून सांगतो." डोळे मिटून सांगितलं म्हणून चाचांना शंका यायला हवी होती. पण त्यांनी तसं नकाशावर नोंदवलं, इंटरनेटवर असेच नकाशे जुळवणाऱ्या जगभरच्या पाचसहा नादिष्टांनी ते मान्य केलं, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या देशाच्या टीव्हीवर त्याच पट्टीवरून माणसं पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरताना दिसली. चाचा मला म्हणाले, "थोपवायची जागा समजलो, बाई. ती सुटायची जागा निघाली." ती चूक त्यांनी स्वतः सगळ्यांना कळवली आणि त्या गृहस्थांना पुढच्या खेपेला नेहमीपेक्षा मोठा कप चहा पाजला.

एक हवालदारही चौकशीला येऊन गेला. कोणीतरी कान भरले होते की चाचा बाहेरच्या देशाचे नकाशे काढतात. चाचांनी त्याला खुर्चीत बसवलं, डोळे तपासले आणि पडदा वळवला. "साहेब, तुमी सांगा. गावात शिरायच्या रस्त्यावर हे जे खोपट हाय, ते दुकान की चौकी?" हवालदार पुढे वाकला. चहा येईपर्यंत त्याने तीन चौक्या शोधल्या होत्या. जाताना नव्या चष्म्याची ऑर्डर देऊन गेला.

मी यात कशी आले? जगभरच्या त्या नादिष्टांशी पत्रव्यवहार इंग्रजीत होता. चाचांचं इंग्रजी भिंगांच्या नंबरापुरतं. ते सांगत, मी टाइप करी. माझी सेवानिवृत्ती नुकतीच झाली होती, तुमचे आजोबा गेले होते आणि दुपारी घर फार मोठं वाटे. दुपारच्या त्या कामाने मला जगाशी बांधून ठेवलं, असं म्हटलं तरी चालेल.

नावांवरून आमचा पहिला वाद झाला. ज्या गावाचं नाव कळत नाही त्याला काहीतरी खुणेचं नाव हवं. इतर लोक आकडे देत. चाचांनी आपल्याकडची पद्धत लावली. आपल्या कर्जत-खालापुरात प्रत्येक वस्ती ही कुठली तरी वाडी असते. तसंच त्या देशात पूलवाडी झाली, चिमणीवाडी झाली, एका खोऱ्यात नदीकाठच्या गावाच्या वर डोंगरात जी वस्ती होती ती वरची वाडी झाली. मी म्हटलं, याचं इंग्रजी करून लिहू या.

"ठाकुरवाडीचं इंग्रजी काय करता?" चाचांनी विचारलं.

मी 'ठाकूर' एवढंच टाइप करून थांबले.

"मग? नावाचं इंग्रजी नसतं. जसं हाय तसं लिव्हा."

मी रोमन लिपीत जसंच्या तसं लिहिलं. ती नावं एका नकाशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली. पुढे एका विद्वानाने लांबलचक टिपण लिहिलं, की 'वर्ची' हा त्या भागातल्या एखाद्या लुप्त टोळीच्या बोलीतला शब्द असावा. मी ते भाषांतर करून वाचून दाखवलं तेव्हा चाचा हसून हसून खुर्चीवरून घसरले. मग एकदम गंभीर झाले. "कळवा त्याला. टोळी लुप्त नाय. कर्जतला चष्मे विकते म्हणावं."

चाचांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांच्या अशा शंभर गोष्टी सांगता येतील, पण मला मुख्य सांगायची आहे ती वरच्या वाडीची.

एक दिवस एका परक्या शहरातून एका मुलीचं पत्र आलं. तुमच्याच वयाची, कॉलेजात जाणारी. तिची आजी त्या बंद देशात जन्मलेली, लहानपणी आईबरोबर सीमा ओलांडून बाहेर आलेली. आता आजी फार म्हातारी झाली होती आणि सारखी आपल्या गावाबद्दल बोलत होती. मुलीने नदीचा वाक, रेल्वेचा पूल या खुणांवरून ते खोरं शोधलं. नकाशावर तिथे दोन गावं होती, खालचं नदीकाठचं आणि वर 'वर्ची वाडी'. आजी म्हणाली, माझं गाव याच्याही वर. मुलीने बघितलं. नकाशावर वर काही नव्हतं, फोटोत नुसतं रान होतं. घरातली मोठी माणसं म्हणाली, आजीचं आता असंच होणार, नसलेलं आठवणार. त्या दिवसापासून आजी बोलेनाशी झाली होती. पत्रात शेवटी विचारलं होतं, हा नकाशा करणाऱ्याला खात्री आहे का?

मी वाचून दाखवलं. चाचा लगेच म्हणाले, "वर काय नाय. मी चारी ऋतूंचे फोटो बघितलेत. सगळ्यात वरची म्हनून तर वरची वाडी."

"तसं लिहू?"

"लिव्हा. काय नाय म्हनून लिव्हा."

मी बोटं की-बोर्डवर ठेवली आणि उचलली. "चाचा, काही नाही, की दिसत नाही?"

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, तेही आमच्याकडे बघायला लागलं. चाचांनी नाकावरचा चष्मा काढला. बिननंबरी चष्मा त्यांनी बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"माझ्या नकाशानं म्हातारीला खोटी पाडली, बाई," ते म्हणाले. "लिव्हा, की दिसत नाय. बघतो म्हनावं."

त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्या डोंगराचा फोटो बघावा लागला. हिरवा, तांबडा, करडा, पांढरा. कोणाला करवंदाच्या जाळ्या दिसल्या, कोणाला वाघ दिसला. माथेरानच्या हॉटेलातला एक वाढपी म्हणाला, झाडीतून घोड्याची वाट जाते, पण बोट ठेव म्हटल्यावर त्याला ती सापडेना. चाचा चिडचिडे झाले. चाचींनी मला निरोप पाठवला की जेवताना सुद्धा ताटात डोंगर बघतात, तुम्ही काही तरी सांगा.

मग पोशीरची एक आजी आली, मुलाबरोबर. भातशेतीत जन्म गेलेली, वर्षानुवर्षं चष्म्याशिवाय काढलेली. चाचांनी नवा चष्मा तिच्या नाकावर बसवला. तिने आधी मुलाकडे बघितलं. "आरं, किती काळा झालास रं!" मग चाचांनी पडदा वळवला. थंडी सरत आलेली, डोंगर अजून पांढरा, असा तो फोटो होता.

"काय दिसतं?"

"मीठ हाय," आजी म्हणाली. बर्फ तिने कधी बघितला नव्हता. "मिठागार हाय ना ह्यो?"

"आनि?"

"आनि ह्यो राब भाजलाय की!"

भाताचं रोप तयार करायला पावसाळ्याआधी वाफ्यावर पाला-शेण पसरून जाळतात, त्याला आपल्याकडे राब म्हणतात. जमीन भाजली, की शेतात काळा चौकोन उठून दिसतो. चाचा हसायला लागले.

"आवो, तिकडं कुठला राब!"

"मंग ह्यो काळा काय? ह्यो, ह्यो, ह्यो." आजीचं बोट पडद्यावर टकटक करत सरकलं. "आनि ह्यो येक लांब टाकलाय. पन मेल्यांनी मिठात राब केलाय, त्याला रोप काय येनार, डोंबल?"

तिचा मुलगा ओशाळून म्हणाला, "आये, गप बस गं." पण चाचांचं हसू थांबलं होतं. त्यांनी कपाळावरचा दुसरा चष्माही खाली ओढला, जणू दोन चष्म्यांनी जास्त दिसणार होतं. आम्ही ते काळे डाग शंभरदा बघून खडक समजून सोडून दिले होते. खडक असे ओळीत, सारख्या मापाचे बसत नाहीत. बर्फाखाली घरांची दगडी जोती होती. भिंती गेल्या, छपरं गेली, पण दगड उन्हाने आधी तापतो, आणि त्याच्यावरचा बर्फ सभोवतालच्या बर्फाआधी वितळतो. असा फोटो वर्षातल्या मोजक्याच दिवसांत मिळतो. आधी सगळं पांढरं, नंतर सगळं रान.

पोशीरच्या आजीला राब नाही हे शेवटपर्यंत पटलं नाही. जाताना ती दारातून पुन्हा म्हणाली, "बघा हां चाचा, राबच हाय."

मी लगेच मुलीला कळवायला निघाले, तर चाचांनी माझा हात धरला. आयुष्यात एकदाच. "आधी सांगायचं नाय, बाई. अक्षर आधी सांगायचं नाय."

म्हणून आम्ही त्या आजी-नातीला व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलावलं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. पडद्यावर ती मुलगी आली आणि तिच्या शेजारी शाल पांघरलेली, वाळक्या सुपारीएवढ्या चेहऱ्याची तिची आजी. आजी तिच्या भाषेत बोले, नात इंग्रजीत सांगे, मी चाचांना मराठीत. चाचांनी सलाम केला. आजीने मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्या गावात घरं कशी व्हती, ते इचारा," चाचा म्हणाले.

प्रश्न गेला. नात हळूच म्हणाली, "ती आता बोलत नाही." मग आजीने समोरच्या वाटीतल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि एकेक करून टेबलावर मांडल्या. पाच शेंगा एका ओळीत, पाठी डोंगराकडे. सहावी शेंग तिने ओळीत ठेवली, क्षणभर थांबली, आणि बोटाने लांब सारली.

"ही लांब का?" मी विचारलं.

आजी बोलली. एकदम, पुष्कळ, आणि तावातावाने. नात आधी चकित झाली, मग हसायला लागली. "तो काका. तो आजोबांशी भांडला होता. ओढ्याच्या पाण्यावरून. त्याने घर वेगळं बांधलं. आजी म्हणते, अजून तिला त्याचा राग आहे."

मी हे मराठीत सांगेपर्यंत चाचांनी तो फोटो त्यांच्या पडद्यावर पाठवला होता. पण आजी बघे आणि मान हलवे. तिला दिसेना. नातीचा चेहरा उतरला. चाचा मात्र आजीची ती तिरकी मान मघापासून निरखत होते.

"यांना मधनं नाय दिसत. कडेनं दिसतं," ते मला म्हणाले. "पोरीला सांगा, पडदा समोर नको. डाव्या अंगाला धर. आनि मोठं कर."

नातीने तसं धरलं. आजी समोर भिंतीकडे बघत राहिली, आणि फोटो तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आला. तिचा हात वर आला. पोशीरच्या आजीच्या बोटासारखंच तिचं बोट पडद्यावर टकटक करत सरकलं. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर थांबलं. तिथेच राहिलं. नातीला काहीच भाषांतर करावं लागलं नाही.

"शेवटची ओळ वाचली, बाई," चाचा अगदी हळू म्हणाले.

मग त्यांनी कामाचा आवाज काढला. "आता गावाचं खरं नाव इचारा. माझं खोटं नाव काढून टाकू."

आजीने एक छोटासा शब्द सांगितला. नात म्हणाली, "हे खरं म्हणजे नाव नाही. आमच्याकडे डोंगरातल्या गावांना असंच म्हणतात. याचा अर्थ, वरचं गाव." मग तिने विचारलं, "पण तुमचं ते वर्ची वाडी, त्याचा अर्थ काय? मी किती शोधलं."

मी सांगितलं. नातीने आजीला सांगितलं. आजी तोंडावर शाल धरून हसली, आणि मग तिने ते दोन शब्द म्हणून बघितले. वाची वादी. पुन्हा एकदा, आणखी नीट.

मी माऊस हातात घेतला होता. "चाचा, मग काय लिहू?"

चाचा पडद्याजवळ वाकले. खालची घरं, त्यांच्यावर मी कधीकाळी टाइप केलेलं नाव, आणि त्याच्या वर पांढऱ्या डोंगरात पाच काळे चौकोन आणि एक रुसलेला.

"बदलायचं नाय काय," ते म्हणाले. "नुसतं वर सरकवा."